वीज आली, वायफाय आलं, नेट मात्र येईना

गुरुवारी दुरुस्तीसाठी गेलेली वीज दुपारी येते, राउटरचे दिवे लागतात, फोनवर वायफाय पूर्ण दिसतं; पण एकही साइट उघडत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर ठरलेला सल्ला येतो: राउटर बंद करून परत चालू करा. एरवी हा उपाय लागू पडतो, म्हणून त्यावर लोकांची श्रद्धाच बसली आहे. पण ज्यांनी हौसेने राउटरवर ओपनडब्ल्यूआरटीसारखं फर्मवेअर (राउटर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) टाकून एन्क्रिप्टेड डीएनएस आणि डीएनएससेक चालू केलंय, त्यांच्याकडे या उपायानेच दुखणं वाढतं. दर वेळी बंद केलं की राउटरचं घड्याळ मागे जातं, आणि घोळ घड्याळातच आहे.

डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकड्यांतला आयपी पत्ता शोधणं. मूळ पद्धतीत हा प्रश्न पोर्ट ५३ (ठरलेल्या क्रमांकाचं दार) वरून उघड्यावर जातो. एन्क्रिप्टेड डीएनएसचे दोन प्रकार, डीओटी (पोर्ट ८५३, मानक २०१६ चं) आणि डीओएच (पोर्ट ४४३, मानक २०१८ चं) तो टीएलएस या सांकेतिक आवरणाने झाकतात. डीएनएससेक काहीच झाकत नाही; आलेलं उत्तर अस्सल आहे का, एवढंच ते बघतं. यातल्या कशानेही नेट पळायला लागत नाही आणि तुम्ही अदृश्यही होत नाही, कारण पुढे कोणत्या आयपीला जोडलात हे नेट देणाऱ्या कंपनीला दिसतंच. ‘डीएनएस बदला, स्पीड दुप्पट’ सांगणाऱ्या व्हिडिओंना लांबूनच नमस्कार.

आता खरी गंमत. डीएनएससेकमध्ये उत्तराबरोबर आरआरसिग नावाची डिजिटल सही येते. तिच्यात दोन वेळा लिहिलेल्या असतात: कधीपासून वैध आणि कधीपर्यंत. मधलं अंतर सहसा काही दिवसांचं किंवा काही आठवड्यांचं. जुनं उत्तर सहीसकट जपून ठेवून नंतर कोणी माथी मारू नये, म्हणून ही मुदत. पण ती तपासायला आजची तारीख ठाऊक हवी. कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर त्यासाठी नाण्याएवढा सेल असतो. बहुतेक घरगुती राउटरमध्ये तो नसतो. वीज आल्यावर काही राउटर थेट १ जानेवारी १९७० पासून मोजायला लागतात. ओपनडब्ल्यूआरटी जरा हुशारी करून ईटीसी फोल्डरमधल्या सर्वांत नव्या फाइलची तारीख उचलतं. पण त्या फोल्डरला शेवटचा हात चार महिन्यांपूर्वी लागला असेल, तर घड्याळ चार महिने मागे. मग आजची सही राउटरला पुढची तारीख टाकलेल्या चेकसारखी दिसते, आणि तो ती परत पाठवतो. आपल्याला दिसतं ते ‘सर्व्हफेल’, म्हणजे ‘उत्तर देता आलं नाही’.

मग एनटीपीने (नेटवरून घड्याळ लावायच्या पद्धतीने) वेळ लावून घ्यावी? तर एनटीपी सर्व्हर सेटिंगमध्ये नावाने लिहिलेला असतो. नावाचा पत्ता हवा तर डीएनएस हवं, डीएनएसची सही तपासायला वेळ हवी, आणि वेळ आणायला पुन्हा तोच पत्ता हवा.

त्या नावावर सहीच नसेल तर? तरी सुटका नाही. सही नसणं हेसुद्धा सिद्ध करावं लागतं, नाहीतर कोणीही सही काढून टाकून खोटं उत्तर पुढे सरकवेल. म्हणून वरचा झोन (नावांचा वरचा विभाग), समजा डॉट ऑर्ग, ‘या नावाचा डीएस रेकॉर्ड, म्हणजे त्याच्या किल्लीची नोंद, माझ्याकडे नाही’ असं एनएसईसी३ रेकॉर्ड देऊन सांगतो, आणि त्या नकारावरही आरआरसिग असते. डॉट ऑर्गच्या सही तपासायच्या किल्लीची हमी सर्वांत वरचा रूट झोन देतो. रूटवर २०१० पासून सह्या आहेत, त्यांनाही मुदत आहेच. थोडक्यात, नकार खरा मानायलाही घड्याळ बरोबर लागतं.

राउटरवर डीएनएसचं काम बघणाऱ्या डीएनएसमास्क या प्रोग्रामला ही मुदतीची तपासणी घड्याळ लागेपर्यंत पुढे ढकलायला सांगता येतं, आणि ओपनडब्ल्यूआरटी ते सांगतंही. पण डीओटी जोडलं असेल तर टीएलएस सर्टिफिकेटवरही (सर्व्हरच्या ओळखपत्रावरही) ‘या तारखेपासून’ असतंच. तिथे ही सवलत चालत नाही.

म्हणून एसएसएचने (कॉम्प्युटरवरून कमांड देण्याच्या सोयीने) राउटरमध्ये शिरल्यावर पहिली कमांड ‘डेट’. तारीख चुकलेली असेल तर आधी तीच दुरुस्त करा, बाकी सगळं नंतर. बरोबर असेल तर ‘डिग’ ही डीएनएसला नाव विचारणारी कमांड चालवा. एखादं नाव सर्व्हफेल देतंय आणि ‘प्लस सीडी’ (सही तपासू नकोस) जोडल्यावर पत्ता देतंय, तर भानगड सहीची. दोन्ही वेळा काहीच हाती लागत नसेल तर डीओटी तपासा: पोर्ट ८५३ अडलंय का, किंवा सर्टिफिकेटसाठीचं नाव चुकलंय का. क्वाड९ च्या ९.९.९.९ या सर्व्हरसाठी ते डीएनएस डॉट क्वाड९ डॉट नेट असं हवं. डीएनएससेक-फेल्ड डॉट ऑर्ग या नावावर मुद्दाम चुकीची सही ठेवली आहे. त्याचा पत्ता मिळाला तर कुठेच तपासणी होत नाहीये. नाही मिळाला, तरी अडवलं राउटरने की वरच्या सर्व्हरने, हे त्यातून कळत नाही. ओपनडब्ल्यूआरटीच्या साध्या डीएनएसमास्कमध्ये ही तपासणी नसतेच, ‘डीएनएसमास्क-फुल’ लागतं. ते टाकताना जुनं पॅकेज आधी काढलंत तर राउटरचं स्वतःचंच डीएनएस जातं आणि नवं उतरवता येत नाही. आधी डाउनलोड, मग अदलाबदल.

कायमचा उपाय सोपा आहे. राउटरच्या ‘टाइम सिंक्रोनायझेशन’ सेटिंगमध्ये नावांच्या जोडीला एक सर्व्हर आकड्यांत लिहा: क्लाउडफ्लेअरचा १६२.१५९.२००.१ किंवा गूगलचा २१६.२३९.३५.०. नावं काढू नका, आकडे कधी बदलू शकतात. दुसरा मार्ग: डीएनएसमास्कमध्ये पूल डॉट एनटीपी डॉट ऑर्ग या एनटीपी सर्व्हरच्या नावापुरता वेगळा डीएनएस सर्व्हर नेमा. डोमेनला असा खास सर्व्हर दिला की डीएनएसमास्क त्याची सही तपासत नाही, आणि प्रश्न साध्या पोर्ट ५३ वरून जातो.

रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरलाच राउटर केलं असेल तर पुण्याच्या तपकीर गल्लीत जाऊन डीएस३२३१ घड्याळाचं मॉड्यूल विचारा. आयटूसी या जोडणीच्या चार तारांत काम होतं. त्याला ३.३ व्होल्टच द्या. यातल्या बऱ्याच मॉड्यूलवर सेल चार्ज करणारं सर्किट असतं, ५ व्होल्ट दिले की ते सीआर२०३२ सेललाही चार्ज करू बघतं, आणि तो सेल चार्ज करायचा नसतो. बाकीच्यांनी छोटा डीसी यूपीएस घ्यावा, मात्र अॅडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून. फायबरच्या डब्याचा अॅडॅप्टर वेगळा असेल तर त्यालाही बॅकअप लागेल.

सगळं झाल्यावर राउटरची पिन काढा, पाच मिनिटांनी लावा आणि बघा. बघताना फोनमधलं ‘प्रायव्हेट डीएनएस’ आणि ब्राउझरचं स्वतःचं डीओएच बंद ठेवा. नाहीतर फोन राउटरला विचारतच नाही आणि चाचणी फुकट जाते.