पाळकाचे सभासद आणि पाळकाचा पाठिंबा: कोणी कशाचे उत्तर द्यायचे?

२००८ सालच्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत दोन पाळकांची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंची, नावे एका दमात घेतली जात: बराक ओबामा यांचे पाळक जेरेमाया राइट आणि जॉन मॅक्केन यांना पाठिंबा देणारे पाळक जॉन हेगी. दोघांचे जुने उपदेश उकरून काढले गेले, मे महिना संपेपर्यंत दोन्ही उमेदवारांनी आपापला संबंध तोडला, आणि ही दोन्ही प्रकरणे एकाच जातीची आहेत असा समज रूढ झाला. वस्तुतः त्यांत दोन निरनिराळी नाती होती. एखाद्या चर्चचे सभासद असणे हे एक नाते, तर एखाद्या पाळकाचा राजकीय पाठिंबा मिळवून तो लोकांपुढे मिरवणे हे दुसरे. उत्तर दोन्हीकडे मागता येते. मात्र ते एकाच गोष्टीचे नसते.

राइट १९७२ मध्ये शिकागोच्या दक्षिण भागातील ट्रिनिटी युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टचे पाळक झाले, तेव्हा त्या मंडळीत (चर्चच्या सभासदसमूहात) शंभरही सभासद नव्हते; २००८ मध्ये ते निवृत्त झाले, तेव्हा सभासदांची गणती हजारांत होत होती. ओबामा त्यांच्यापैकी एक होते, आणि तेही सुमारे वीस वर्षे. १९९२ मध्ये त्यांचा विवाह राइट यांनी लावला, त्यांच्या दोन्ही मुलींचा बाप्तिस्मा राइट यांनीच केला, इतकेच नव्हे तर ओबामांच्या दुसऱ्या पुस्तकाचे नावही राइट यांच्या एका उपदेशावरून घेतलेले होते. मार्च २००८ मध्ये एबीसी वाहिनीने राइट यांच्या उपदेशांतील तुकडे दाखवले. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी ते म्हणाले होते की अमेरिकेने जगात केलेली हिंसाच तिच्या दारी परत आली आहे. एप्रिल २००३ मध्ये त्यांनी सांगितले होते की कृष्णवर्णीयांना तुरुंगांत डांबणाऱ्या देशासाठी देवाचा आशीर्वाद नव्हे, शाप मागावा. एचआयव्हीचा विषाणू सरकारनेच कृष्णवर्णीयांविरुद्ध तयार केला, असा आरोपही त्यांनी केला होता. पहिली दोन विधाने जुन्या करारातील संदेष्ट्यांच्या कठोर वाणीशी नाते सांगतात, आणि संपूर्ण उपदेश ऐकला तर ती सुट्या तुकड्यांहून बरीच वेगळी वाटतात. तिसरे विधान मात्र निखालस खोटे आहे. अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सरकारी आरोग्यसेवेने शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा उपदंश उपचाराविना ठेवून त्याचा अभ्यास केला, त्यामुळे असा संशय त्या समाजात का रुजला हे कळते. पण संशयाचे कारण कळले म्हणून आरोप खरा होत नाही.

अशा चर्चच्या सभासदाला विचारण्याजोगे प्रश्न तीन आहेत: तुम्ही काय ऐकलेत, ऐकून काय केलेत, आणि तरीही का थांबलात? १८ मार्च रोजी फिलाडेल्फियातील भाषणात ओबामांनी मान्य केले की वादग्रस्त ठरेल असे बोलणे आपण चर्चमध्ये बसून ऐकले होते आणि राइट यांची अनेक राजकीय मते आपल्याला मान्य नव्हती. तरीही कृष्णवर्णीय समाजाला किंवा वंशाविषयीचे पूर्वग्रह बोलून दाखवणाऱ्या आपल्या गोऱ्या आजीला जसे नाकारता येत नाही, तसे राइट यांनाही नाकारता येत नाही, अशी त्यांची भूमिका होती. हे उत्तर कोणाला पटो अथवा न पटो, ते विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर होते. २८ एप्रिलला राइट यांनी वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये आपली मते पुन्हा ठासून मांडली आणि ओबामा राजकारणी म्हणून बोलत आहेत असे सुचवले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी ओबामांनी त्यांचा जाहीर निषेध केला. ३१ मे रोजी त्यांनी चर्च सोडल्याचे जाहीर केले, तेव्हाचे निमित्त तर राइट नव्हतेच. पाहुणे म्हणून आलेल्या एका कॅथलिक फादरांनी तेथे उपदेश करताना उमेदवारीसाठी ओबामांच्या पक्षांतर्गत प्रतिस्पर्धी असलेल्या हिलरी क्लिंटन यांची टिंगल केली होती.

हेगी यांची गोष्ट एवढी लांब नाही. टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथील कॉर्नरस्टोन चर्चचे हे पाळक इस्राएलच्या समर्थनासाठी उभारलेल्या मोठ्या ख्रिस्ती संघटनेचे संस्थापक होते. २७ फेब्रुवारी २००८ रोजी त्यांनी मॅक्केन यांना पाठिंबा जाहीर केला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तो मॅक्केन यांच्या प्रचारयंत्रणेने मागितला होता. कतरीना वादळ ही न्यू ऑर्लिन्सच्या पापांबद्दल देवाने दिलेली शिक्षा होती, असे हेगी २००६ मध्येच रेडिओवर म्हणाले होते. मे महिन्यात त्यांचा आणखी एक जुना उपदेश समोर आला, ज्यात ज्यूंना इस्राएलकडे वळवण्यासाठी देवाने हिटलरचा उपयोग केला असे प्रतिपादन होते. २२ मे रोजी मॅक्केन यांनी तो पाठिंबा नाकारला, आणि नाकारताना हेही सांगितले की हेगी हे माझे पाळक नाहीत आणि मी वीस वर्षे त्यांच्या चर्चमध्ये गेलेलो नाही.

मॅक्केन यांचे म्हणणे खरे होते, पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे, असे मला वाटते. वीस वर्षांच्या सहवासावरून नात्याची जवळीक कळते. राजकीय जबाबदारी मात्र त्या पाळकाच्या अधिकाराचा उपयोग मते मिळवण्यासाठी कोणी केला, यावरून ठरते. माणूस चर्चमध्ये जातो तो प्रार्थनेसाठी, लग्नासाठी, मातीसाठी, शेजाऱ्यांच्या सोबतीसाठी. पाळकाचे परराष्ट्र धोरण हे त्याचे तेथे जाण्याचे कारण क्वचितच असते. उमेदवार पाळकाकडे पाठिंब्यासाठी जातो तेव्हा पाळकाची मते आणि ती मानणारे मतदार हाच त्या व्यवहाराचा ऐवज असतो. म्हणून तीन महिन्यांच्याही आत मोडलेल्या संबंधाबद्दल मॅक्केन यांच्याकडून अधिक थेट उत्तर अपेक्षित होते: ज्यांचा पाठिंबा घेतला त्यांची जाहीर मते आधी पाहिली का गेली नाहीत?

ओबामांचे नातेही निव्वळ सभासदाचे नव्हते, हे येथे सांगितलेच पाहिजे. राइट हे त्यांच्या प्रचारातील कृष्णवर्णीय धार्मिक नेत्यांच्या समितीवर होते आणि वाद पेटल्यावरच त्यांना तेथून बाजूला करण्यात आले. तेवढ्यापुरता मॅक्केन यांना विचारलेला प्रश्न ओबामांनाही लागू होता, आणि त्यांच्या समर्थकांनी तो सोयीस्करपणे टाळला.

सभासदांच्या जबाबदारीतही एकसारखेपणा नाही, कारण पाळक नेमतो कोण हे चर्चागणिक बदलते. कॅथलिक धर्मग्रामात (एका चर्चच्या हद्दीतील समाजात) फादरांची नेमणूक बिशप करतात, त्यामुळे वसईतील एखाद्या धर्मग्रामाने फादर निवडले असे म्हणता येत नाही. युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टमध्ये मंडळीच पाळकाला बोलावते आणि मंडळीच त्याला दूर करू शकते. (अमेरिकन मराठी मिशन ज्या काँग्रिगेशनल (प्रत्येक मंडळीला आपला कारभार स्वतः चालवू देणाऱ्या) परंपरेतून मुंबईत आणि अहमदनगरला आले, तीच परंपरा १९५७ मध्ये या चर्चमध्ये सामील झाली.) ज्याच्या हाती मत आहे, त्याची जबाबदारी काहीशी वाढते. तरीही ती मंडळीच्या सभेत पार पाडायची गोष्ट आहे, वार्ताहरांसमोर नव्हे. ट्रिनिटी सोडताना ओबामांनी सांगितले की चर्चच्या पत्रकातील यादी पाहून पत्रकार आजारी आणि घरीच पडून असलेल्या सभासदांना फोन करत होते. त्या सभासदांनी कोणाकडे मते मागितली नव्हती. त्यांचे जनतेला काहीच देणे नव्हते.

पाळकाचे वैयक्तिक मत आणि चर्चचा लेखी सिद्धान्त यांचीही गल्लत होते. मिनेसोटाच्या रिपब्लिकन खासदार मिशेल बाकमन यांनी २०११ मध्ये अध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर करण्याच्या सुमारास आपल्या लूथरन चर्चचे सभासदत्व सोडले. हे चर्च विस्कॉन्सिन सिनड या लूथरन चर्चांच्या संघाचे होते, आणि पोपपद म्हणजेच ख्रिस्तविरोधक (बायबलमध्ये सांगितलेला ख्रिस्ताचा शत्रू) ही त्या सिनडची अधिकृत शिकवण आहे. अशा वेळी पाळक काय बोलले आणि ते कोणी ऐकले, याची चौकशी निरर्थक ठरते. ही शिकवण तुम्हाला मान्य होती का आणि आजही आहे का, एवढेच सभासदाला विचारायचे उरते.