दोनहाती तलवारीला दोन हात कशाला लागतात?

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या काल्पनिक साहसांच्या खेळाच्या 1978 च्या नियमपुस्तकात दोनहाती तलवारीचा भार 250 सुवर्णनाण्यांएवढा धरला होता. दहा नाण्यांचा एक पौंड या हिशेबाने ती 25 पौंडांची, म्हणजे सव्वाअकरा किलोची होते. त्या आकड्यात वजनाबरोबर अवजडपणाही धरला आहे, अशी पळवाट लेखकांनी ठेवली होती, पण खेळणाऱ्यांनी तो वजन म्हणूनच वाचला. पुढे 2000 च्या आवृत्तीत ही तलवार 15 पौंडांवर आली, 2003 मध्ये 8 वर आणि 2014 मध्ये 6 वर, म्हणजे 2.7 किलोवर. हा शेवटचा आकडा बरोबर आहे. सोळाव्या शतकातल्या जर्मन भाडोत्री सैनिकांच्या थोराड तलवारी साधारण दोन ते सव्वातीन किलोंच्या असत. मिरवणुकीसाठी घडवलेल्या शोभेच्या तलवारी याहून बऱ्याच जड भरतात. संग्रहालयात काचेमागे त्या पाहूनच बहुतेकांचा गैरसमज होतो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी: ‘मध्ययुगीन’ म्हणून खेळात मिरवणारी ही अजस्र तलवार खरे तर मध्ययुग सरताना बहरली. अस्सल मध्ययुगीन दोनहाती तलवार म्हणजे चौदाव्या-पंधराव्या शतकातली लाँगसोर्ड, सव्वा ते दीड किलोची. क्रिकेटची बॅटही सुमारे 1.2 किलोचीच असते.

वजनाचा आकडा सुधारला, पण नियमांमागचा समज तसाच राहिला: तलवार जड, म्हणून दोन हात, म्हणून हळू, म्हणून इजा ठरवायला मोठा फासा. यातला एकही दुवा पक्का नाही.

दोन हात लागतात ते तरफेसाठी. एका हाताने धरलेली तलवार फिरवण्याचे काम मुख्यतः मनगटावर येते. लांब मुठीवर दोन हात 25 सेंटिमीटर अंतराने ठेवले, की पुढचा हात टेकू होतो आणि मागचा हात ओढतो. टोक पुढच्या हातापासून 90 सेंटिमीटरवर असेल, तर मागचा हात 10 सेंटिमीटर ओढल्यावर टोक 36 सेंटिमीटर सरकते. जोर वाढतो हे खरेच, पण त्याहून मोठा फायदा म्हणजे निघालेला घाव मध्येच थांबवता येतो, वळवता येतो, वार चुकला तर पाते पुन्हा समोर आणता येते. लाँगसोर्ड दोन हातांनी धरल्यावर खेळात फक्त फासा आठ बाजूंचा होता तो दहा बाजूंचा होतो. प्रत्यक्षात वाढतो तो ताबा.

हा ताबा वजनापेक्षा वजनाच्या वाटणीवर अवलंबून असतो. बॅटचे वजन खाली एकवटलेले असते, म्हणून दोन सारख्या वजनाच्या बॅटींचा ‘पिकअप’, म्हणजे उचलताना जाणवणारा भार, वेगळा लागतो. तलवारीचे पाते मुठीजवळ 6-7 मिलिमीटर जाड आणि टोकाकडे 2-3 मिलिमीटर, असे निमुळते घडवलेले असते. मुठीच्या बुडाला पाव किलोचा लोखंडी लट्टू बसवतात. पाते बोटावर तोलून पाहिले, तर चांगल्या लाँगसोर्डचा समतोल मुठीपुढच्या आडव्या पट्टीपासून 7 ते 12 सेंटिमीटरवर मिळतो. हौशी कारागिरांची चूक नेमकी इथे होते. सारख्या जाडीची पट्टी कापून, तिला धार लावून पाते केले, की वजन थोडेच वाढते, पण टोक जड होते. मग तलवार पहारीसारखी हातातून ओढ घेते. लट्टू आणखी जड केला तर समतोल मागे येतो, पण टोकाचा जडपणा काही जात नाही. फिरवण्याला होणारा विरोध अंतराच्या वर्गाने वाढतो आणि टोकाकडचे वस्तुमान मुठीपासून सर्वांत दूर असते.

मग दुप्पट जड हत्यार दुप्पट इजा करते का? हात एका झोक्यात ठरावीकच काम करतात असे धरू. फिरवण्याचा विरोध दुप्पट झाला, तर वेग 0.7 पट होतो आणि ऊर्जा तेवढीच राहते. फरक पडतो तो वेळेत, म्हणजे समोरच्याला बाजूला व्हायला मिळणाऱ्या संधीत. म्हणूनच खरी शस्त्रे जेमतेम लागेल तेवढीच जड असत. साडेचार किलोचा ‘मॉल’ नावाचा हातोडा मात्र खेळाने फारसे न बदलता घणावरूनच उचललेला दिसतो.

‘हळू’ हा शब्दही तपासायला हवा. 1989 च्या आवृत्तीत प्रत्येक शस्त्राला वेगाचा अंक होता: कट्यारीला 2, दोनहाती तलवारीला 10, आणि अंक जितका मोठा तितकी पाळी उशिरा. प्रत्यक्षात दोघे एकमेकांवर चालून येताना कट्यारवाल्याला आधी दीड-दोन मीटरचा धोक्याचा पट्टा ओलांडावा लागतो. पहिला घाव लांब शस्त्राचा. कट्यारीचा वेग कामी येतो तो अंगाला भिडल्यावर. पोर्तुगीज लष्करी अधिकारी दियोगु गोमिश द फिगेरेदु यांनी 1651 मध्ये लिहिलेल्या मोंतांत या दोनहाती तलवारीच्या पाठांत घाव न थांबता एकातून दुसऱ्यात वळतात, कारण थांबवून पुन्हा वेग देण्यातच शक्ती खर्च होते. अरुंद गल्ली, चहूबाजूंनी वेढा, सोबतच्या व्यक्तीचे रक्षण अशा प्रसंगांसाठी तिथे वेगवेगळे पाठ आहेत. एकट्याने अनेकांना दूर ठेवणे हे या तलवारीचे खरे काम, आणि नेमके त्यासाठी बहुतेक खेळांत काहीच नियम नसतो.

या सगळ्याची किंमत मोजावी लागते जागेत. 1.7 मीटरची तलवार गरगर फिरवायला सुमारे चार मीटर व्यासाचे मोकळे वर्तुळ हवे. खेळातल्या तळघराची नेहमीची वाट असते दहा फुटांची, म्हणजे तीन मीटरची, आणि सोबती खेळाच्या नकाशावर शेजारच्या पाच फुटांच्या चौकोनात उभा असतो. मोकळ्या घावाने आधी भिंत लागेल, नाहीतर मित्राचा कान.

पाइक या लांबलचक भाल्याची गत याहून गमतीची आहे. खरा पाइक चार ते साडेपाच मीटर लांब आणि वजनाने पाच किलोंच्या आतला. 2014 च्या नियमांत त्याचे वजन 18 पौंड, म्हणजे आठ किलोंवर, आणि पोहोच फक्त दहा फूट. वजन फुगवले, लांबी छाटली! शिवाय एकटा पाइकवाला जवळजवळ निरुपयोगी, कारण एक टोक चुकवून आत शिरले की काम तमाम. हे शस्त्र रांगेचे आहे.

आता चिलखत. पोलादी पत्र्याचे पूर्ण चिलखत 20-25 किलोंचे असे आणि ते आल्यावर ढालीची गरज उरली नाही. दोन्ही हात मोकळे झाले, म्हणून पंधराव्या शतकात दोनहाती शस्त्रे फोफावली. पण तलवारीच्या घावाने पत्रा चिरत नाही. त्या काळच्या जर्मन आणि इटालियन युद्धपुस्तकांत डावा हात पात्याच्या मध्यावर धरून तलवार आखूड भाल्यासारखी वापरायला शिकवले आहे: टोक काखेत, मांडीच्या सांध्यात किंवा शिरस्त्राणाच्या फटीत खुपसायचे. पाते घट्ट आवळले आणि मुठीत घसरू दिले नाही, तर हात कापत नाही. किंवा तलवार उलटी धरून आडव्या पट्टीने हातोड्यासारखे हाणायचे. चिलखतधाऱ्यांच्या पायी द्वंद्वात मानाचे शस्त्र होते पोलॅक्स. एका बाजूला हातोडा, दुसरीकडे कुऱ्हाड किंवा चोच, वर टोकदार खिळा, आणि दांडा माणसाच्या उंचीच्या आसपास. ते 2014 च्या यादीत नाहीच.

खेळ चालवणाऱ्याने मोठा फेरफार करायची गरज नाही. मोठ्या तलवारीला दहा फुटांची पोहोच द्यावी. शेजारच्या पाच फुटांत भिंत किंवा मित्र असेल, तर मोकळा घाव लागतो का हे ठरवताना दोन फासे टाकून लहान आकडा घ्यावा. खेळाडूने पाते मध्यावर धरतो असे सांगितले, की पोहोच पाच फूट, इजा आठ बाजूंच्या फाशाची, जागेची अडचण रद्द, आणि पत्र्याच्या चिलखतावर फासा टाकताना दोन अंक जास्त. हे आकडे थोडे कमीजास्त केले तरी चालेल, पण जागेचा नियम ठेवावाच. एरवी मोठी तलवार सगळीकडेच सरस ठरते आणि आखूड तलवार कुणी उचलतच नाही.

आणि चित्रांत दिसते तशी ती पाठीवरच्या म्यानात नको. सव्वा मीटरचे पाते खांद्यावरून उपसायचे तर हात पूर्ण ताणूनही अर्धेअधिक पाते म्यानातच राहते. सैनिक ती खांद्यावर टाकून चालत. म्हणजे ती उपसण्यात पाळी वाया जात नाही, पण ठेंगण्या दारातून आत शिरताना आधी काय अडकणार, हे खेळाडूला जरूर विचारावे.