रेटिनॉइड रिसेप्टर आणि शुक्रजनन

रेटिनॉइड रिसेप्टर म्हणजे पेशीच्या केंद्रकातली अशी प्रथिनं जी व्हिटॅमिन ए पासून तयार होणारं रेटिनॉइक ॲसिड ओळखतात. ती जोडीजोडीने डीएनएवरच्या ठरावीक जागांवर बसलेली असतात, ॲसिड नसेल तर तिथली जीन्स दाबून ठेवतात आणि ॲसिड मिळालं की चालू करतात. कुटुंबं दोन, आरएआर (रेटिनॉइक ॲसिड रिसेप्टर) आणि आरएक्सआर (रेटिनॉइड एक्स रिसेप्टर), दोन्हीत अल्फा, बीटा, गामा असे तीन-तीन प्रकार, आणि जोडी बहुधा एक आरएआर आणि एक आरएक्सआर अशी जमते. वृषणात शुक्रपेशी घडायला, म्हणजे शुक्रजननाला, हे लागतातच, त्याबद्दल आता कोणाचं दुमत नाही. कुठला रिसेप्टर कुठल्या पेशीत बसून काम करतो हा मात्र खरा प्रश्न आहे आणि ही नोंद मुख्यतः त्यावरच आहे. शुक्रजननाचे टप्पे वाचकाला माहीत आहेत असं धरलंय. बडोद्याला सयाजीराव विद्यापीठात ज्यांनी बी.एस्सी.ला झूलॉजी घेतलं त्यांनी वृषणाच्या छेदाची स्लाइड मायक्रोस्कोपखाली बघितलेलीच असते, त्यातल्या नळीच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या उंच सर्टोली पेशी आणि त्यांच्या आधाराने वाढणाऱ्या जननपेशी एवढं डोळ्यासमोर असलं तरी पुढचं कळेल.

सुरुवात साधारण १९२५ पासून धरतात. त्या वर्षी वोल्बाख आणि हाऊ ह्यांनी व्हिटॅमिन ए न दिलेल्या उंदरांचं सविस्तर वर्णन छापलं, त्यात वृषणं सुकलेली होती, आणि अशा उंदरांच्या नळ्यांमधे शेवटी सर्टोली पेशी आणि थोडे स्पर्मॅटोगोनिया (सुरुवातीच्या टप्प्यातल्या जननपेशी) एवढंच उरतं हे पुढे पक्कं झालं. नंतर १९६४ च्या सुमारास ब्रिटनमधे थॉम्पसन, हॉवेल आणि पिट ह्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. रेटिनॉलऐवजी (म्हणजे व्हिटॅमिन ए च्या नेहमीच्या रूपाऐवजी) नुसतं रेटिनॉइक ॲसिड दिलं तर उंदीर चांगले वाढतात पण आंधळे होतात आणि नरांची वृषणं रिकामीच राहतात. आंधळेपणाचं कारण सोपं आहे, ॲसिडपासून परत रेटिनाल (व्हिटॅमिन ए चंच आणखी एक रूप) बनत नाही आणि डोळ्याला तेच हवं असतं. पण वृषणाचं काय? बरीच वर्षं लोक म्हणत राहिले की वृषणाला रेटिनॉलच लागतं, ॲसिड नाही. १९९१ मधे नेदरलँड्समधल्या व्हॅन पेल्ट आणि डी रूय ह्यांनी मोठे डोस परत परत देऊन ॲसिडनेही शुक्रजनन सुरू होतं हे दाखवलं, म्हणजे अडचण बहुधा एवढीच होती की बाहेरून दिलेलं ॲसिड वृषणात पुरेसं पोचत नाही आणि पोचलं तरी लवकर मोडून टाकलं जातं. वृषण आपलं ॲसिड आपणच रेटिनॉलपासून जागच्या जागी बनवतं, हे त्यातून निघालेलं सगळ्यात कामाचं उत्तर.

रिसेप्टर सापडले १९८७ मधे, फ्रान्समधे स्ट्रासबुर्गला पियेर शाँबाँ आणि कॅलिफोर्नियात रोनाल्ड एव्हान्स ह्यांच्या प्रयोगशाळांनी पहिला आरएआर एकाच वर्षी वेगवेगळा शोधला, आरएक्सआर १९९० मधे आला. मग एकेक जीन काढून टाकलेले उंदीर तयार झाले आणि चित्र बदललं. आरएआर-अल्फा नसलेले नर वांझ, वृषणं खराब (१९९३). आरएआर-गामा नसलेलेही वांझ निघाले, पण त्यांच्या प्रोस्टेट आणि सेमिनल व्हेसिकल ह्या वीर्यातला द्रव बनवणाऱ्या ग्रंथींचं अस्तर बिघडलेलं होतं, त्यामुळे गामाचं वृषणातलं काम कित्येक वर्षं झाकलेलंच राहिलं. आरएक्सआर-बीटा नसलेल्यांत (१९९६) तयार झालेले स्पर्मॅटिड (शुक्राणू होण्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशी) वेळेवर सुटत नाहीत आणि सर्टोली पेशींमधे चरबीचे थेंब साठतात.

वाद इथून सुरू होतो. अख्ख्या प्राण्यातून जीन काढलं तर दोष कुठल्या पेशीचा ते कळत नाही. स्ट्रासबुर्गच्याच गटाने २००६ मधे फक्त सर्टोली पेशीतून आरएआर-अल्फा काढला, तर जवळजवळ तसाच बिघाड दिसला, म्हणून अल्फा हा सर्टोलीचा रिसेप्टर असं त्यांचं म्हणणं. अमेरिकेतल्या काही गटांना जननपेशीतल्या अल्फाचंही काम दिसतं. प्रस्तुत लेखकाला पहिल्या मताचा पुरावा जास्त सरळ वाटतो, दुसरं मत पूर्ण सोडून द्यावं असं मात्र नाही. गामाचं २०१२ नंतर बरंच स्पष्ट झालं: तो स्पर्मॅटोगोनियात असतो, आणि जी पेशी गामा बनवायला लागते तीच रेटिनॉइक ॲसिडला प्रतिसाद देऊन पुढच्या टप्प्यात जाते, मूळ साठ्यातल्या पेशींत गामा नसतो म्हणून त्या मागे शिल्लक राहतात. साठा संपू न देता रोज माल काढत राहायची ही व्यवस्था फार सुंदर आहे आणि ती एका रिसेप्टरच्या असण्या-नसण्यावर चालते.

स्ट्रा-८ नावाचं जीन रेटिनॉइक ॲसिडने चालू होतं आणि मायोसिसला (गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या पेशीविभाजनाला) ते लागतं, म्हणून ॲसिडच मायोसिस सुरू करतं असं २००६ पासून पुस्तकांत आलं. पण २०२० मधे मादी उंदरांच्या गर्भात तिन्ही आरएआर काढूनही अंडाशयात मायोसिस झाला. नरांत स्पर्मॅटोगोनियाला पुढे ढकलण्याचं ॲसिडचं काम पक्कं आहे, मायोसिसचं श्रेय जरा जपून द्यावं.

ॲसिड नळीत सतत सारखं नसतं, लाटांनी येतं. उंदरात एक चक्र ८.६ दिवसांचं, माणसात १६ दिवसांचं. आपल्या बडोद्याच्या गरब्यात सगळी वर्तुळं एकाच टाळीवर फिरतात, नळीत तसं नसतं, शेजारशेजारचे भाग वेगवेगळ्या ठेक्यावर असतात आणि म्हणूनच शुक्राणू रोज तयार मिळतात. व्हिटॅमिन ए पूर्ण तोडून मग एकदम दिलं तर मात्र सगळ्या नळ्या एका टाळीवर येतात, हे १९८७ मधे मोरालेस आणि ग्रिसवोल्ड ह्यांनी दाखवलं आणि आजही प्रयोगाला वापरतात.

माणसाबद्दल थेट पुरावा थोडाच. विन १८,४४६ हे औषध गर्भनिरोधक म्हणून १९६१ च्या सुमारास अमेरिकेत पुरुषांना देऊन बघितलं, शुक्राणू जवळजवळ नाहीसे झाले आणि औषध थांबवल्यावर परत आले, पण त्यावर दारू घेतली की माणूस आजारी पडायचा म्हणून ते मागे पडलं. ते रेटिनॉइक ॲसिड बनवणारं एन्झाइम अडवतं हे खूप उशिरा कळलं. हल्लीचं वायसीटी-५२९ हे पुरुषांसाठीचं गर्भनिरोधक फक्त आरएआर-अल्फा अडवतं, त्यात हार्मोनला हात लावावा लागत नाही. त्याची १६ पुरुषांवरची पहिली सुरक्षा-चाचणी २०२५ मधे छापून आली.

मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन ह्याच घराण्यातलं. गरोदर बाईने ते अजिबात घ्यायचं नाही. पुरुषांच्या शुक्राणूंवर नेहमीच्या डोसने वाईट परिणाम झाल्याचं सहसा दिसलेलं नाही. आणि पपई, गाजर, मेथी, शेवग्याचा पाला घरात येतो तिथे शुक्राणूंचा काउंट वाढावा म्हणून व्हिटॅमिन ए च्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत, ते लिव्हरमधे साठतं आणि जास्त झालं की विषारी ठरतं.