कृती नको, हिशेब शिकवा

विद्यार्थ्यांना कोंबडीपालन शिकवताना खाद्याची तयार कृती हाती दिली जाते: मका इतका, पेंड इतकी. मका मिळेनासा झाला आणि ज्वारी हाती आली, की ती कृती अडते. म्हणून मुलांना आधी हिशेब शिकवावा, असं माझं ठाम मत आहे.

अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात साधारण १६ ते १८ टक्के प्रथिनं लागतात. मक्यात ती सुमारे ९ टक्के असतात, सोयाबीनच्या पेंडीत सुमारे ४५. वहीत चौकोन काढा. मधोमध १८ लिहा, डाव्या कोपऱ्यांत ९ आणि ४५. मग तिरपी वजाबाकी करा: ४५ वजा १८ म्हणजे २७ भाग मका, १८ वजा ९ म्हणजे ९ भाग पेंड. थोडक्यात, ३ भाग मक्याला १ भाग पेंड. हा पिअर्सनचा चौकोन. मक्याच्या जागी दुसरं धान्य आलं, तर फक्त आकडा बदलायचा.

आता कॅल्शियम. एका अंड्याच्या कवचात जवळपास २ ग्रॅम कॅल्शियम असतं. ते खाद्यातून पुरलं नाही, तर कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते. वरच्या मिश्रणाच्या ९ किलोत १ किलो शिंपल्यांचा चुरा मिसळला, की कॅल्शियम ३.८ टक्क्यांच्या आसपास जातं आणि प्रथिनं १६.२ टक्क्यांवर येतात. दोन्ही आकडे योग्य मर्यादेत बसतात. पिल्लांना मात्र हे खाद्य देऊ नये. इतक्या कॅल्शियमने त्यांचे मूत्रपिंड खराब होतात, शिवाय त्यांना प्रथिनं जास्त लागतात.

एवढ्याने खाद्य पूर्ण होत नाही. मीठ, फॉस्फरस आणि जीवनसत्त्वंही हवीत. जीवनसत्त्वांचा शोध लागण्यात तर कोंबड्यांचाच मोठा वाटा आहे. १८९० च्या दशकात जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमन यांना दिसलं, की पांढऱ्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. कोंड्यातला तो घटक म्हणजे जीवनसत्त्व ब१. या कामासाठी त्यांना १९२९ चं नोबेल मिळालं. शाळेत हा प्रयोग करून पाहायची गरज नाही. मुद्दाम उपाशी ठेवलेला जीव हे शिकवण्याचं साधन नव्हे.

सोयाबीन अख्खं वापरणार असाल, तर भाजून घ्या. कच्च्या दाण्यातला एक घटक प्रथिनांचं पचन रोखतो, उष्णतेने तो निकामी होतो.

सगळ्यात जास्त जपायचं ते बुरशीपासून. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. कारण निघालं शेंगदाण्याच्या पेंडीतलं, बुरशीने तयार केलेलं अफ्लाटॉक्सिन. हे विष शिजवून जात नाही. म्हणून धान्य कडक वाळवावं, पोती जमिनीपासून उंच ठेवावीत आणि कुबट वास येणारी पेंड फेकून द्यावी, कितीही महाग असली तरी.