नावं बदलली की झालं पुस्तक?
इंदूरच्या सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाताना परवा पुन्हा तेच ऐकलं: अली हेझलवूडची प्रेमकादंबरी ‘द लव्ह हायपॉथेसिस’ म्हणजे नावं बदललेलं ‘स्टार वॉर्स’. अहो, छे! २०२१ची ही कादंबरी ‘स्टार वॉर्स’ सिनेमांतल्या रे आणि खडूस कायलो रेन यांच्यावरच्या फॅन फिक्शनमधून, म्हणजे चाहत्यांनी तीच पात्रं घेऊन लिहिलेल्या कथेतून आली, हे खरं. पण त्या मूळ लिखाणातही अंतराळयुद्ध नव्हतं, विद्यापीठच होतं. कादंबरीतली ऑलिव्ह स्टॅनफर्डला पीएचडी करते. आपलं दुसरीकडे जुळलंय हे मैत्रिणीला पटावं म्हणून समोर दिसेल त्याचं चुंबन घेते, आणि तो निघतो विभागातला सगळ्यात खडूस प्राध्यापक! यात लेझरची तलवार कुठे खुपसणार? उसनी आहे ती कायलोच्या स्वभावाची ठेवण, आणि खडूस नायक या नुसत्या कल्पनेवर कुणाचा कॉपीराइट नसतो. नायकाचं नाव तेवढं ॲडम. सिनेमात कायलो साकारणारा नट ॲडम ड्रायव्हर आठवतोच.