वेबसाइटच्या पानाची रुंदी
वेबसाइट करताना पान किती रुंद धरायचं आणि तेच पान मोबाइल, टॅब, लॅपटॉप सगळीकडे नीट कसं दिसेल हे ठरवणं, असा हा विषय. उंचीचं फारसं काही नसतं, खाली स्क्रोल करायला कोणाची ना नसते, पण पान आडवं सरकवायला लागलं की माणूस वैतागतो आणि बंद करून मोकळा होतो, म्हणून सगळी मारामारी रुंदीची.

पूर्वी हे सोपं होतं. मॉनिटर आधी 800 बाय 600चे, मग 1024 बाय 768चे, त्यामुळे पान 760 नाहीतर 960 पिक्सेल धरलं की झालं काम. 960 आवडायचं कारण त्याला 2, 3, 4, 5, 6, 8, 12 सगळ्यांनी भाग जातो, कॉलम पाडायला बरं. 2007मध्ये आयफोन आला, स्क्रीन 320 पिक्सेल रुंद, आणि त्याचा ब्राउझर पान 980चं आहे असं समजून अख्खं बारीक करून दाखवायचा, मग बसा दोन बोटांनी मोठं करत. त्यावर व्ह्यूपोर्ट नावाचा मेटा टॅग आला, म्हणजे पान फोनच्या खऱ्या रुंदीत दाखव असं ब्राउझरला सांगणारी कोडमधली ओळ, ती आजही घालावी लागते आणि आजही लोक विसरतात. 2010मध्ये ईथन मार्कोट या डिझायनरने रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन ही कल्पना मांडली: रुंदी टक्क्यांत, फोटो लवचिक, आणि स्क्रीन बघून मांडणी बदलायला मीडिया क्वेरी.

एक घोळ इथे नेहमी होतो. फोनच्या खोक्यावर 1080 लिहिलेलं असतं पण सीएसएसच्या, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेच्या, हिशोबात तो फोन बऱ्याचदा 360 पिक्सेलचाच असतो, कारण सीएसएसचा एक पिक्सेल स्क्रीनचे आडवे तीन पिक्सेल खातो. डिझाइन करायचं ते या 360वर.

कोकणात तर मोबाइलपासूनच सुरुवात करावी. तारकर्ली, गुहागर, हर्णैचे होमस्टे असोत की देवगड, रत्नागिरीचे आंबेवाले, गिऱ्हाईक मुंबई-पुण्याचं, ते फोनवरच बघणार, कधी कोकण रेल्वेत बोगद्यांच्या मधेमधे रेंज मिळेल तेवढ्यात. आता हापूसचं रेटचं टेबल घ्या: फळाचं वजन, पेटीत किती डझन, पेटीचा भाव, कुरियरचा खर्च. लॅपटॉपवर झकास दिसतं. 360च्या फोनवर दोन्ही बाजूंना 16-16 सोडले की उरले 328, त्यात चार कॉलम मराठी मथळ्यांसकट कोंबले की एकतर अक्षरं तुटतात नाहीतर भावच उजवीकडे स्क्रीनबाहेर जातो, म्हणजे ज्यासाठी माणूस आला तेच गायब. तिथे टेबलाचा हट्ट सोडून प्रत्येक साइजच्या पेटीचं वेगळं कार्ड करावं, एकाखाली एक. दुसरा प्रकार बॅनरचा. व्हॉट्सॲपला पाठवायला केलेली 1200 पिक्सेलची इमेज, त्यावर रूमचे रेट आणि फोन नंबर छापलेला, तीच वेबसाइटवर चिकटवतात. 360वर आली की 30 पिक्सेलचं अक्षर 9चं होतं आणि नंबरवर बोट ठेवून फोनही लावता येत नाही. मजकूर मजकूर म्हणूनच टाकावा, समुद्राचा फोटो वेगळा, आणि तोही दोनतीन साइजचा करून ठेवावा म्हणजे ब्राउझर फोनला लहानच उचलतो.

मांडणी कुठे बदलायची, म्हणजे ब्रेकपॉइंट, त्याचे 768, 1024 असे आकडे लोक पाठ करतात. माझ्या मते त्याची गरज नाही, ब्राउझरची खिडकी हळूहळू रुंद करत जायची आणि जिथे पान विचित्र दिसायला लागेल तिथे ब्रेक टाकायचा, फोन दरवर्षी नवे येतात, मजकूर तोच राहतो. मोठ्या स्क्रीनवर उलटी अडचण, ओळ इकडून तिकडे इतकी लांब जाते की पुढची ओळ सापडत नाही, म्हणून मॅक्स-विड्थ, म्हणजे रुंदीची कमाल मर्यादा, लावून ओळीत साठ-सत्तर अक्षरंच ठेवतात. देवनागरीला ओळींमधलं अंतरही जास्त लागतं, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांवर चढतात.

सगळ्यांना वापरता येईल अशा वेबसाइटसाठी डब्ल्यूसीएजीचे नियम आहेत, त्यांच्या 2018च्या आवृत्तीप्रमाणे 320 पिक्सेल रुंदीत मजकूर आडवा न सरकवता वाचता आला पाहिजे. तपासायला फोन नसला तरी चालतं: 1280च्या खिडकीत 400 टक्के झूम केलं की 320च उरतात.