सँडल कुठे वाकते?

एप्रिल-मे महिन्यात ठाण्याच्या गोखले रोडवर संध्याकाळी चपलांच्या कुठल्याही दुकानात शिरा, एक वाक्य हमखास कानावर पडतं: "ताई, दाबून बघा, एकदम मऊ आहे." ताई अंगठ्याने तळ दाबतात, अंगठा रुततो आणि सँडल पिशवीत जाते. मऊ म्हणजे आरामदायी, हे समीकरण इतकं पक्कं झालंय की त्यावर शंका घेणारं गिऱ्हाईक विरळाच. महिन्याभरात टाच किंवा चवडा दुखायला लागला की दोष वयाला, वजनाला, नाहीतर स्टेशनच्या जिन्यांना. सँडलकडे संशयाने कुणी बघत नाही, कारण ती मऊ आहे ना!

मला वाटतं, सँडल निवडताना मऊपणा हा तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, ती कुठे वाकते? आणि दुसरा, ती पायाला धरून ठेवते की पायालाच तिला धरून ठेवावं लागतं? हे दोन प्रश्न इतके महत्त्वाचे का, ते कळायला तळपायातली एक यंत्रणा समजून घ्यावी लागते. मानवी शरीरातल्या सगळ्यात सुंदर यंत्रणांपैकी ती एक आहे असं माझं मत आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात. चालताना या पावलाला एकापाठोपाठ एक दोन उलट कामं करावी लागतात. टाच टेकते तेव्हा पाऊल सैल हवं, म्हणजे ते पसरतं, धक्का सोसतं, खालच्या उंचसखल जमिनीशी जुळवून घेतं. अर्धा सेकंद जातो न जातो तोच टाच उचलायची वेळ येते आणि आता तेच पाऊल ताठ हवं, कारण सगळं शरीर चवड्यावर तोलून पुढे ढकलायचं असतं. सैल पाऊल ताठ होतं कसं? स्नायू मदत करतात, पण मुख्य काम करतो तळव्याच्या कातडीखालचा एक जाड, पांढरट, फारसा न ताणला जाणारा पट्टा. त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. तो टाचेच्या हाडापासून निघतो, कमानीखालून सरळ पुढे जातो, चवड्याच्या गोल हाडांखालून वळसा घेतो आणि पाचही बोटांच्या मुळाशी पक्का होतो.

आता टाच उचलली जाते. बोटं जमिनीवरच असतात, म्हणजे पावलाच्या हिशेबाने ती वर वाकतात. बोटांना बांधलेला पट्टा चवड्याच्या गोल हाडावर गुंडाळला जातो, रहाटावर दोर गुंडाळावा तसा. पट्टा लांबत नाही, त्यामुळे टाच आणि चवडा एकमेकांकडे ओढले जातात आणि मधली कमान वर उचलली जाते. जे. एच. हिक्स या ब्रिटिश शरीररचनातज्ज्ञाने १९५४ मध्ये याचं वर्णन केलं आणि रहाटाचं नावही त्यानेच दिलं.

थोडं गणित करू. चवड्याच्या हाडाची त्रिज्या १ सेंटिमीटर धरा आणि अंगठा ४० अंश वर वाकला असं समजा. ४० अंश म्हणजे सुमारे ०.७ रेडियन, म्हणजे गुंडाळलेली लांबी त्रिज्येच्या ०.७ पट, म्हणून गुंडाळला गेलेला पट्टा ०.७ सेंटिमीटर. आता कमान म्हणजे १४ सेंटिमीटर पायाचा आणि ४ सेंटिमीटर उंचीचा समद्विभुज त्रिकोण माना. पाया ७ मिलिमीटरने आखडला आणि दोन बाजू तेवढ्याच राहिल्या, तर पायथागोरसप्रमाणे उंची जवळजवळ साडेपाच मिलिमीटरने वाढते. खऱ्या पायात पट्टा थोडा ताणला जातो, त्यामुळे वाढ याहून कमी असते. पण गंमत पुढे आहे. अंगठ्यामागचं हाड बाकीच्या चार हाडांपेक्षा जाड असतं, म्हणून आतल्या बाजूला दोर जास्त गुंडाळला जातो. या असमान ओढीने टाच किंचित आत वळते, पावलाच्या मधले सांधे एकमेकांत घट्ट बसतात आणि नडगीचं हाड बाहेरच्या बाजूला फिरतं. म्हणजे बोटं वाकण्याचा परिणाम गुडघ्यापर्यंत पोहोचतो. चालताना पाऊल उचलण्याच्या क्षणी या पट्ट्यावर साधारण शरीराच्या वजनाइतका ताण येतो.

हे घरी बघता येतं. अनवाणी, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभ्या राहा आणि घरातल्या कुणाला तरी तुमचा पायाचा अंगठा हाताने वर उचलायला सांगा. कमान डोळ्यांदेखत वर येते. आतल्या घोट्याखाली बोट ठेवलंत तर हाडांची हालचाल बोटाला जाणवते.

ही यंत्रणा डोळ्यांपुढे ठेवून दुकानातली सँडल हातात घ्या. टाच एका हातात, पुढचं टोक दुसऱ्या हातात धरून दोन्ही एकमेकांकडे ढकला. ती चवड्याच्या जागी, म्हणजे पुढच्या एक तृतीयांश भागात वाकली तर उत्तम, पायही तिथेच वाकतो. ती मधोमध घडी पडून वाकली तर परत ठेवा. अशा सँडलमध्ये कमान ज्या क्षणी ताठ व्हायला हवी नेमक्या त्याच क्षणी तिच्याखालचा आधार दुमडतो आणि सगळा ताण तळव्यातल्या एकट्या पट्ट्यावर येतो. बाजारातल्या मऊमऊ सँडलपैकी पुष्कळशा या परीक्षेत नापास होतात. मग कपडा पिळतो तशी सँडल पिळून बघा. थोडी पिळली जावी, पूर्ण नाही. जाड, ठोकळ्यासारखा तळ अजिबात वाकत नसेल तर निदान त्याचं पुढचं टोक वर वळलेलं असावं, म्हणजे पाऊल त्यावरून पुढे झुकतं.

आता दुसरा प्रश्न, धरून ठेवण्याचा. मागे पट्टा नसलेली सपात किंवा स्लायडर घालून चाललो की प्रत्येक पावलाला ती निसटू पाहते. ती निसटू नये म्हणून बोटं आपोआप खाली आवळली जातात. रहाट फिरायला बोटं वर वाकायला हवीत आणि आपण ती खाली दाबून धरलेली! घरातल्या घरात, दहा पावलं चालायला काही बिघडत नाही. पण घोडबंदर रोडवरून बस, मग ठाणे स्टेशनबाहेरचा सॅटिसचा पूल, मग गर्दीत प्लॅटफॉर्मचा जिना, असा रोजचा प्रवास असेल तर टाचेमागे पट्टा हवाच, आणि पावलावरचा पट्टा बकल किंवा वेल्क्रोने कमीजास्त करता यायला हवा. जिना उतरताना तर पाऊल पुढे घसरतं, मागचा पट्टा ते थांबवतो. कोल्हापुरीत पायाचा अंगठा अडकवायचं कडं असतं, त्याने पकड जरा सुधारते, आणि वनस्पतींच्या सालीफळांनी कमावलेलं तिचं चामडं घामाने आणि वापराने पायाचा आकार घेतं. लग्नकार्याला ती शोभते. दिवसभर पेव्हर ब्लॉकवरून पायपीट करायला मात्र मी ती सुचवणार नाही.

मऊपणाबद्दलही थोडं. 'नासाचं तंत्रज्ञान' म्हणून मेमरी फोमची जाहिरात होते. हा फोम १९६६ मध्ये नासाच्या एम्स केंद्रासाठी विमानाच्या आसनांकरता तयार झाला हे खरं आहे. आसनावर माणूस स्थिर बसतो. शिवाय हा फोम उष्णतेने आणखी मऊ पडतो, म्हणजे मे महिन्यात तापलेल्या डांबरावर आणि गरम तळव्याखाली तो चेपून जातो आणि सावकाश फुगतो, तोवर पुढचं पाऊल पडलेलं असतं. निसर्गाने टाचेखाली सुमारे १८ मिलिमीटर जाडीची चरबीची गादी दिलेली आहेच. तिला बाजूंनी पसरू दिलं नाही तर ती स्वतःच धक्के सोसते. त्यासाठी सँडलमध्ये टाच बसते तिथे खोलगट वाटी हवी. सपाट मऊ फोमपेक्षा ही वाटी जास्त उपयोगी पडते.

पाय मात्र सगळ्यांचे सारखे नसतात. ओला पाय शहाबादी फरशीवर उमटवून बघायची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. ठशात मधला भाग पूर्ण भरलेला दिसला तर पाय सपाट, अगदी बारीक रेघ किंवा मध्ये तुटलेला दिसला तर कमान उंच. पण ठसा अर्धीच गोष्ट सांगतो. वरची अंगठा उचलायची परीक्षा त्याच्या जोडीला करा. ठसा सपाट आहे, पण अंगठा उचलल्यावर कमान येते, तर पाय लवचीक आहे. दुखत नसेल तर त्याला काहीही उपचार लागत नाहीत, मधोमध न वाकणारा तळ, टाचेची वाटी आणि घट्ट मागचा पट्टा एवढं पुरतं. कमान येतच नाही आणि दुखतंही, तर अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवायला हवं, तिथे दुकानदाराचं काम नाही. उंच कमानीच्या पायाचा भार टाचेवर आणि चवड्यावरच येतो, मधला भाग टेकतच नाही. हा पाय मुळातच ताठ असतो, त्याला धक्का सोसणारी जाडी खरोखर लागते आणि कमानीला अलगद टेकेल असा उंचवटाही.

सपाट पायांवरून आपल्याकडे मुलींचा फार छळ झालाय. बघण्याच्या कार्यक्रमात 'जरा चालून दाखव' म्हणायचं आणि ओल्या पावलाच्या ठशावरून सुलक्षणी-अवलक्षणी ठरवायचं, ही लाजिरवाणी प्रथा अजून पुरती गेलेली नाही. लहान मुलांचे पाय सपाटच असतात, बहुतेकांची कमान वयाच्या आठ-दहा वर्षांपर्यंत घडत जाते. मणिपालच्या कस्तुरबा मेडिकल कॉलेजच्या राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी २,३०० मुलांचे ठसे तपासून १९९२ मध्ये दाखवलं की बूट-चपला घालणाऱ्या मुलांत सपाट पायांचं प्रमाण ८.६ टक्के होतं, अनवाणी फिरणाऱ्यांत २.८ टक्के. बंद बूट घालणाऱ्यांत सर्वांत जास्त. पायाच्या ठशात नशीब नाही, वापरलेल्या स्नायूंचा हिशेब आहे. तळव्यातल्या ठरावीक बिंदूंनी यकृत आणि मूत्रपिंड सुधारतं म्हणून विकल्या जाणाऱ्या काटेरी ॲक्युप्रेशर चपलांनाही असाच काही आधार नाही. मधुमेहाने ज्यांच्या तळव्यांची संवेदना कमी झाली आहे त्यांच्यासाठी तर त्या धोक्याच्या आहेत, कारण जखम झालेली कळतच नाही.

अशा बधिर पायांसाठी भारतातच मोठं काम झालंय. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या पायांचा अभ्यास करून दाखवलं की पाय रोगामुळे 'गळत' नाहीत, वेदना न कळल्यामुळे एकाच जागी पुन्हा पुन्हा दाब पडून जखमा होतात. त्यातून मायक्रोसेल्युलर, म्हणजे बारीक छिद्रांच्या, रबराच्या चपला आल्या. आज दुकानात 'एमसीआर' म्हणून मागितल्या की त्या मिळतात. मधुमेही बहिणींनी त्या घ्याव्यात, मागे पट्टा असलेल्या, आणि दोन बोटांमधे दोरी नसलेल्या.

अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलं असेल तर पुढचा पट्टा त्या गाठीवरून जाणारा नको, त्याच्या अलीकडे किंवा पलीकडे हवा, आणि शिवण तर तिथे मुळीच नको. सकाळी पलंगावरून उतरताना पहिली चार पावलं टाचेत कळ येत असेल, तर बहुधा तळव्यातला आपला पट्टाच, म्हणजे प्लांटर फॅशिया, दुखावलेला असतो. त्याला अगदी सपाट चप्पल सोसत नाही, दोन-तीन सेंटिमीटरची रुंद टाच बरी वाटते. बाळंतपणानंतर बऱ्याच जणींचे पाय कायमचे थोडे लांब आणि रुंद होतात, अस्थिबंध सैल पडून कमान जराशी खाली येते. तेव्हा लग्नाआधीचं माप डोक्यात ठेवून ऑनलाइन मागवू नका. उन्हाळ्यात दिवसभर उभं राहून पाय सुजतात, म्हणून सँडल संध्याकाळी घ्यावी, दोन्ही पायांत घालून दुकानातच चालून बघावी, आणि मोठ्या पायाच्या मापाची घ्यावी.

शेवटी, खाडीकाठच्या आपल्या दमट हवेची एक गोष्ट. वर्षभर कपाटात जपून ठेवलेली भारी सँडल घालून बाहेर पडावं आणि तळाचा चुरा व्हावा, हा अनुभव ठाण्या-वाशीत अनेकींना येतो. तो तळ बहुधा पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकचा असतो. त्यातले एस्टर बंध, म्हणजे रेणूंमधले दुवे, हवेतल्या पाण्याने तुटतात, तुटताना आम्ल तयार होतं आणि ते आम्ल पुढचे बंध आणखी वेगाने तोडतं. डब्यात बंद करून ठेवल्याने ही क्रिया थांबत नाही. त्यामुळे अशी सँडल लग्नसराईसाठी राखून ठेवण्यापेक्षा नियमित घाला. आणि अधूनमधून ती टेबलावर ठेवून मागून डोळ्यांच्या पातळीवर बघा. टाचेची आतली किंवा बाहेरची कड झिजून सँडल एका बाजूला कलंडली असेल, तर वरचा भाग कितीही नवा दिसो, तिचं काम संपलं आहे.